‘महाराज लायबल खटल्या’चीं साधनें : एक परीक्षण

(१)

मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत १८६२ सालीं चाललेला महाराज लायबल खटला महाराष्ट्रांतील बहुतेक सुशिक्षितांस नांवानें ठाऊक आहे. त्याचीं मूळ साधनें मात्र फार थोड्यांनीं चाळलीं असतील. २०२४ सालीं ‘महाराज’ नांवाचा हिंदी चित्रपट या विषयावर निघाला. गुजरात उच्च न्यायालयानें १३ जून रोजीं त्याच्या प्रदर्शनास तात्पुरती मनाई केली व २१ जून रोजीं ती उठविली. या निमित्तानें खटल्याचें नांव पुन्हां सर्वतोमुखीं झालें आणि त्याबरोबर दोन पक्षहि उभे राहिले. एका पक्षाच्या मतें हा खटला म्हणजे बुवाबाजीवर सत्यानें मिळविलेला निर्भेळ विजय होय. दुसऱ्याच्या मतें परधर्मी न्यायाधीश, मिशनरी व इंग्रजी शिकलेले तरुण यांनीं मिळून एका पुरातन संप्रदायाची केलेली ती नालस्ती होय. दोन्ही पक्ष ज्या कागदांवर भिस्त ठेवितात ते कागद एकच आहेत. तेव्हां त्या कागदांची योग्यता काय, त्यांवरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, याचा निवाडा करणें हें संशोधकाचें काम ठरतें. प्रस्तुत लेखांत आम्हीं तेवढेंच योजिलें आहे. वल्लभसंप्रदायाच्या तत्त्वज्ञानाचें खंडन अगर मंडन करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या मार्गानें शांतपणें भक्ति करणाऱ्या असंख्य कुटुंबांशीं या लेखाचा वाद नाहीं, हेंहि आरंभींच सांगून ठेवणें बरें.

(२)

प्रथम हकीकत थोडक्यांत देतों. करसनदास मूळजी (१८३२–१८७१) हे जातीनें कपोळ वाणी. वल्लभसंप्रदायी कुळांतच त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन संस्थेंत शिकल्यावर त्यांनीं १८५५ सालीं ‘सत्यप्रकाश’ हें गुजराती पत्र काढलें. १८६० सालीं सुरतेचे यदुनाथजी ब्रजरतनजी महाराज मुंबईस आले. त्याच सालीं विधवाविवाहाच्या प्रश्नावर कवि नर्मदाशंकर व हे महाराज यांचा जाहीर वाद झाला, आणि महाराजांच्या पक्षाची बाजू मांडण्यासाठीं ‘स्वधर्मवर्धक’ नांवाचें नियतकालिकहि निघालें. २१ ऑक्टोबर १८६० च्या ‘सत्यप्रकाशां’त करसनदासांनीं हिंदूंचा असल धर्म आणि हल्लींचीं पाखंडी मतें अशा आशयाच्या मथळ्याखालीं लेख लिहिला. संप्रदायाचे गुरु भक्तांच्या बायकामुलींशीं दुराचार करितात व त्यास ग्रंथाचा आधार दाखवितात, हा त्यांतील मुख्य आरोप असून तो यदुनाथजींस नांवानें उद्देशून केलेला होता. १४ मे १८६१ रोजीं महाराजांनीं संपादक करसनदास व मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणिना यांजवर ५०,००० रुपयांची अब्रूनुकसानीची फिर्याद गुदरली.

फिर्याद चालावयास लागण्यापूर्वींच भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनीं सभा भरवून, महाराजांविरुद्ध कोणीं साक्ष देऊं नये, दिल्यास तो जातीबाहेर, असा ठराव केला. करसनदासांनीं यावर कटाचा फौजदारी खटला लावला. नऊ पुढारी दोषी ठरले. दोघां प्रमुखांस प्रत्येकीं १,००० व बाकीच्यांस प्रत्येकीं ५०० रुपये दंड झाला. हाच ‘भाटिया कट खटला’ होय. यानंतर २५ जानेवारी १८६२ रोजीं मुख्य खटल्याचें काम सुरू झालें. मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉसे व न्यायाधीश सर जोसेफ आर्नोल्ड हे दोघे बसले होते. प्रतिवादीतर्फें अँस्टे या गाजलेल्या बॅरिस्टरानें काम चालविलें. २२ एप्रिल १८६२ रोजीं निकाल झाला. लेखांतील मजकूर खरा आहे, हा प्रतिवादीचा मुख्य बचाव मान्य झाला. एका तांत्रिक मुद्द्यावर वादीस नांवाला पांच रुपये नुकसानभरपाई मिळाली व त्या मुद्द्यावर दोघां न्यायाधीशांचें एकमतहि नव्हतें. उलटपक्षीं प्रतिवादीस खर्चाबद्दल ११,५०० रुपये देवविण्यांत आले. त्याच वर्षीं ऑगस्टांत मुंबई हायकोर्टाची स्थापना होऊन जुनें सुप्रीम कोर्ट बंद झालें. त्या कोर्टाच्या अखेरच्या मोठ्या खटल्यांत याची गणना होते.

(३)

आतां साधनांकडे वळूं. पहिलें साधन म्हणजे १८६२ सालींच मुंबईच्या ‘बाँबे गॅझेट’ छापखान्यांत छापलेला खटल्याचा इंग्रजी वृत्तांत. यांत दोन्ही खटले एकत्र आहेत, व पुढें १९११ सालीं मुंबईंतच त्याचें पुनर्मुद्रण झालें. जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांस बहुधा दुसरी आवृत्तिच हातीं लागते. परंतु विवेचनासाठीं पहिलीच प्रमाण धरावी. या वृत्तांताचें मोल मोठें आहे, कारण साक्ष उलटतपासणीसह दिलेली असल्यामुळें दोन्ही पक्षांचें बोलणें शेजारीं शेजारीं वाचतां येतें. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या साक्षी गुजरातींत झाल्या त्या दुभाष्याच्या तोंडून इंग्रजींत आल्या, वार्ताहरानें त्या कानांनीं टिपल्या, व नंतर त्या छापल्या गेल्या. अशा तीन चाळणींतून आलेल्या शब्दांवर शब्दशः इमारत उभारणें धोक्याचें आहे. ‘सेवा’, ‘समर्पण’, ‘लीला’, ‘रस’ या शब्दांस संप्रदायांत जो अर्थ आहे व इंग्रजी प्रतिशब्दांतून न्यायाधीशांच्या कानीं जो पडला, त्यांत महदंतर आहे. अमेरिकन पंडित डेव्हिड हेबरमन यांनीं १९९३ सालच्या आपल्या निबंधांत नेमका हाच मुद्दा मांडला असून तो आम्हांस ग्राह्य वाटतो. मात्र त्याची मर्यादाहि ओळखली पाहिजे. अनुवादाच्या दोषानें भक्तिरसाचा विपर्यास झाला असेल. परंतु अमुक दिवशीं अमुक मनुष्य जातीबाहेर टाकला गेला, अमुक वेळीं देवळाचें दार बंद राहिलें, या गोष्टी अनुवादांत हरवत नाहींत. म्हणून या साधनांतून भावाचा अर्थ काढतांना हात राखून काढावा, व्यवहाराचा अर्थ काढतांना तितका संकोच नको, असा नियम आम्ही सुचवितों.

दुसरें साधन म्हणजे १८६५ सालीं लंडन येथें ट्रूब्नर कंपनीनें प्रसिद्ध केलेला ‘पश्चिम हिंदुस्थानांतील महाराजांच्या अथवा वल्लभाचार्यांच्या संप्रदायाचा इतिहास’ हा इंग्रजी ग्रंथ. त्यावर कर्त्याचें नांव नाहीं. परंतु तो करसनदासांचाच, असें सर्वसाधारणपणें मानतात. पुढील बहुतेक लेखकांनीं संप्रदायाविषयींची आपली माहिती येथूनच उचलली आहे, व येथेंच परीक्षकानें अधिक सावध राहिलें पाहिजे. खटल्यांतील एक पक्षकार खटल्यानंतर जो इतिहास लिहितो तो निकालाच्या उजेडांत लिहितो. ज्या गोष्टी साक्षींत लटपटत होत्या त्या येथें ठाम होऊन बसतात. महाराजांच्या दर्शनास इतके, चरणस्पर्शास इतके, झोपाळा हालविण्यास इतके, अशा दरांची जी यादी पुढें पुस्तकांमागून पुस्तकांत उतरविली गेली, ती घेऊं. ही यादी वाचतांना मनुष्य थक्क होतो. परंतु ती एखाद्या मंदिराच्या वहींतून नकललेली आहे काय, याचा विचार उतरवून घेणारे करीत नाहींत. भेटी घेतल्या जात, मोठ्या घेतल्या जात, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु ठरीव दरपत्रक होतें असें म्हणावयाचें तर वही दाखविली पाहिजे. समकालीन जमाखर्चाचा आधार मिळेपर्यंत या यादीस प्रतिपक्षाचें कथन यापलीकडे दर्जा देऊं नये.

तिसरें साधन बी. एन. मोतीवाला यांनीं लिहिलेलें व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें करसनदासांचें इंग्रजी चरित्र. यांत माहिती पुष्कळ आहे. परंतु चरित्रकाराची भक्ति ठिकठिकाणीं डोकावते. गुरुभक्तीचें खंडन करणाऱ्याचें चरित्रहि भक्तीनेंच लिहिलें जावें, हा मनुष्यस्वभाव होय! करसनदासांचें शौर्य खरें. पण त्या शौर्याच्या प्रकाशांत ज्या जातवाल्यांनीं प्रत्यक्ष कोर्टांत उभें राहून साक्ष दिली व त्यासाठीं आपल्या मुलांच्या सोयरिकी पणास लावल्या, ते अंधारांत राहतात. संपादकास लेखणी होती व वाचक होते. साक्षीदार मात्र कोर्टांतून घरीं परतला कीं त्याच गल्लींत त्याच शेजाऱ्यांमध्यें त्यास राहावयाचें होतें. आमच्या मतें या खटल्याचें खरें वजन त्या साक्षीदारांनीं उचललें.

चौथें साधन म्हणजे वादीपक्षाचें वाङ्मय. त्याकडे जितकें लक्ष जावयास हवें होतें तितकें गेलेलें नाहीं. ‘स्वधर्मवर्धक’ पत्राचे अंक, महाराजांच्या पक्षाचीं हस्तपत्रकें, जातीच्या सभांचे ठराव, यांचा शोध झाल्याखेरीज ही एकतर्फी झालेली कथा दुतर्फी होणार नाहीं. अमृता शोधन यांनीं २००१ सालच्या आपल्या ग्रंथांत, खोजा व पुष्टिमार्गी समाज इंग्रजी न्यायालयांपुढें आले तेव्हां ‘समाज’ या कल्पनेचेंच रूप कसें पालटलें, हें दाखविलें आहे. असल्या अभ्यासास पुढें नेणारें साहित्य घरगुती दप्तरांतच दडलेलें असावयाचें.

(४)

वादाच्या मुळाशीं एक ग्रंथ होता, व हस्तलिखितांच्या अभ्यासकास या खटल्याचा हाच भाग सर्वांत जिव्हाळ्याचा वाटेल. वल्लभाचार्यांचा ‘सिद्धान्तरहस्य’ हा अवघा साडेआठ श्लोकांचा प्रबंध. श्रावण शुद्ध एकादशीच्या मध्यरात्रीं साक्षात् भगवंतानें जें सांगितलें तें येथें सांगतों, अशी त्याची प्रस्तावना. सर्व दोषांची निवृत्ति ब्रह्मसंबंधानें होते, व कोणतीहि वस्तु प्रथम भगवंतास समर्पिल्यावांचून भोगूं नये, हा त्याचा इत्यर्थ. ब्रह्मसंबंधाच्या दीक्षेंत देह, इंद्रियें, प्राण, अंतःकरण, त्याचप्रमाणें स्त्री, घर, पुत्र, आप्त, वित्त हीं सर्व श्रीकृष्णास अर्पण करावयाचीं असतात. ‘तन मन धन’ हा जो शब्दप्रयोग खटल्यांत गाजला तो याच अर्पणाचा लौकिक संक्षेप होय.

येथवर वाद नाहीं. वाद उत्पन्न होतो तो विठ्ठलनाथांचे चौथे पुत्र गोकुळनाथ यांच्या नांवावर असलेल्या टीकेवरून. करसनदासांनीं त्या टीकेचा अर्थ असा लाविला कीं, नवपरिणीत स्त्रीहि पतीनें भोगण्यापूर्वीं गुरूस अर्पावी. संप्रदायाच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, अर्पण कृष्णास आहे, गुरु हा निमित्तमात्र. आणि अर्पिलेली वस्तु प्रसादरूपानें भक्तास परत मिळते. निव्वळ ग्रंथाच्या दृष्टीनें पाहतां दुसरा पक्ष मूळ प्रबंधाशीं अधिक जुळतो, असें आमचें मत आहे. साडेआठ श्लोकांत मनुष्यगुरूस स्त्री अर्पण करण्याची आज्ञा नाहीं. टीकेविषयीं निर्णय करावयाचा तर निरनिराळ्या हस्तलिखितांचा ताळा घेऊन पाठ ठरविला पाहिजे, कर्तृत्व तपासलें पाहिजे, मग अर्थ लाविला पाहिजे. हें काम न्यायालयाचें नव्हतें व न्यायालयानें तें केलेंहि नाहीं. प्राच्यविद्येंत निष्णात परंतु मिशनरी असलेले डॉ. जॉन विल्सन यांची साक्ष, व हिंदु पंथांविषयींचे युरोपीय पंडितांचे लेख, यांवर त्या बाबतींत बराच भार पडला. मूळ तेवढें शुद्ध व नंतरचें तें सर्व भ्रष्ट, ही विल्सनांची व करसनदासांची समान धारणा होती. तिचा उगम वल्लभाच्या ग्रंथांत नसून त्या काळच्या सुधारकी विचारांत आहे.

मग संप्रदायाची नालस्ती झाली, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष खरा ठरला काय? आमच्या मतें नाहीं. आणि येथेंच पुष्कळ अलीकडील लेखक घसरतात. ग्रंथांत आज्ञा नाहीं एवढ्यावरून आचरण नव्हतें, असें सिद्ध होत नाहीं. उलट, ग्रंथांत आज्ञा नसतांहि आचरण असणें हेंच या प्रकरणांतील खरें कोडें आहे. कृष्ण व गुरु यांमधील अंतर ग्रंथानें ठेविलें होतें. तें व्यवहारानें पुसलें. गुरु हा आचार्यांच्या रक्ताचा, रक्त हें आचार्यांचें, आचार्य हे भगवन्मुखाचा अवतार, अशा पायऱ्यांनीं जिवंत मनुष्य देवाच्या आसनावर जाऊन बसला, व देवास केलेलें अर्पण मनुष्याच्या हातीं पडलें. न्यायमूर्ति आर्नोल्ड यांनीं, प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, व नीतीनें जें गैर तें शास्त्रानें योग्य ठरूं शकत नाहीं, असा जो अभिप्राय दिला, तो ग्रंथार्थाच्या वादांत न शिरतांहि टिकतो. म्हणून निकालाचा पाया ग्रंथार्थावर आहे असें समजून त्यावर हल्ला करणें व्यर्थ होय.

(५)

आतां मुख्य प्रश्नाकडे येतों. समजती, कमावती, देशोदेशीं व्यापार करणारी माणसें एका मनुष्यापुढें इतकीं लीन कशीं झालीं? आजकाल याचें उत्तर ‘मनावर ताबा’ अशा एका शब्दांत देण्याची रूढि पडली आहे. ‘मेंदू धुणें’ या अर्थाचा इंग्रजी शब्द अमेरिकन पत्रकार एडवर्ड हंटर यांनीं १९५० सालीं रूढ केला. पुढें मनोवैद्य रॉबर्ट लिफ्टन यांनीं चीनमधील ‘विचारसुधारणे’च्या दिव्यांतून गेलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन १९६१ सालीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत असल्या ताब्याचीं आठ लक्षणें दिलीं आहेत. त्यांतील दोन आमच्या प्रकरणास नेमकीं लागू पडतात : ठरीव शब्दांनीं विचार थांबविणें, आणि कोणास अस्तित्वाचा हक्क आहे व कोणास नाहीं हें पंथानें ठरविणें. परंतु पहिलें व मुख्य लक्षण, म्हणजे बाहेरच्या जगाशीं संबंध तोडणें, तें येथें मुळींच लागू पडत नाहीं. भाटिया व्यापारी मस्कत व झांजिबारपर्यंत पेढ्या चालवीत होते; त्यांस कोंडून कोणी ठेविलें नव्हतें. तेव्हां दुसऱ्या काळाचा व दुसऱ्या देशाचा सांचा जसाच्या तसा बसविणें हा ऐतिहासिक दोष होईल. कागद काय सांगतात तें पाहावें. त्यांत आम्हांस तीन बंधनें दिसतात.

पहिलें बंधन दाराचें. दर्शन घेतल्यावांचून अन्न घ्यावयाचें नाहीं, असा अनेक भाविकांचा नेम असे. १८५९ च्या सुमारास मुंबईंतील जीवणलालजी महाराजांनीं आपल्या अनुयायांकडून एक कबुलायत लिहवून घेतली. महाराजांस कोर्टांत खेंचावयाचें नाहीं, व तशी पाळी येऊं नये म्हणून वर्गणी करून खटपट करावयाची, असा तिचा आशय होता. करसनदासांनीं तिला ‘गुलामीखत’ म्हटलें. सह्या होईपर्यंत मंदिराचें दार उघडलें नाहीं, असें १८६५ च्या ग्रंथांत सांगितलें आहे. नेम भक्ताचा, पण दाराची कडी गुरूच्या हातीं, अशी ही रचना. उपाशी बसलेल्या म्हातारीसाठीं मुलानें सही केली तर त्याचें मन जिंकलें गेलें असें म्हणावयाचें, कीं त्याचा हात पिरगळला असें म्हणावयाचें? आमच्या मतें दुसरें.

दुसरें बंधन वहीचें. व्यापारांतील जिनसांवर महाराजांच्या नांवानें ‘लागो’ बसविलेला असे. सौदा झाला कीं ठराविक अंश देवाच्या खात्यावर पडे. ही पट्टी एकट्यादुकट्यास टाळतां येत नसे, कारण ती देण्याघेण्याच्या रिवाजांतच विणली गेली होती. श्रद्धा उडालेला मनुष्यहि दुकान उघडून बसला कीं लागो देई. श्रद्धेवांचूनहि चालणारी भक्ति ती हीच. आणि जी वसुली श्रद्धेवर अवलंबून नसते ती श्रद्धा गेल्यानेंहि थांबत नाहीं.

तिसरें व सर्वांत बळकट बंधन जातीचें. भाटियांच्या ठरावानें महाराजांची निष्कलंकता सिद्ध करण्याचा यत्न केला नाहीं. साक्ष देऊं नये एवढेंच बजावलें. साक्षीची भीति वाटते ती साक्षीदाराजवळ सांगण्यासारखें कांहीं असतें म्हणून. जातीबाहेर टाकणें म्हणजे मुलीचें लग्न अडणें, मयतीस खांदेकरी न मिळणें, बाजारांत पत जाणें. ज्याचें सर्व जगच जातींत सामावलेलें आहे त्यास कोंडण्यासाठीं भिंती लागत नाहींत.

या तीन बंधनांचा ठसा उमटविणारी एक गोष्ट निकालपत्रांत आली आहे, व तिच्याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधितों. खटल्यापूर्वीं पांचसहा वर्षें, १८५५ च्या सुमारास, भाटिया जातीनेंच असा ठराव केला होता कीं, स्त्रियांनीं ठराविक वेळांखेरीज मंदिरांत जाऊं नये. या एका ठरावानें ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ हा बचाव पार नाहींसा होतो. जातीस ठाऊक होतें. ठाऊक असतांना तिनें गुरूवर निर्बंध घातला नाहीं, आपल्या बायकांवर घातला! आणि सहा वर्षांनीं तीच जात साक्षीदारांचें तोंड बंद करावयास उठली. भोळेपणा हें शोषणाचें कारण मानणाऱ्यांनीं हे दोन ठराव शेजारीं ठेवून वाचावे. भोळेपणापेक्षां जाणूनबुजून पत्करलेलें मौन अधिक टिकाऊ असतें.

(६)

ज्यांच्यासाठीं हा सर्व कलह झाला त्या स्त्रिया साधनांत कोठें आहेत? बाप, भाऊ, मित्र, वैद्य, पंडित या सर्वांच्या तोंडून त्यांच्याविषयीं ऐकूं येतें. त्यांचा स्वतःचा शब्द ऐकूं येत नाहीं. उषा ठक्कर यांनीं १९९७ सालीं लिहिलेल्या लेखांत त्यांस परिघावरील बाहुल्या म्हटलें आहे तें यथार्थ आहे. सुधारकांनीं त्यांस भ्रष्ट केल्या गेलेल्या अबला म्हणून रंगविलें, प्रतिपक्षानें भाविक म्हणून. त्यांच्यापैकीं कोणास काय वाटलें, कोणी नकार दिला, कोणास घरच्यांनींच पुढें ढकललें, याचा तपास कोणींच केला नाहीं. या एका उणिवेमुळें खटल्याचा वृत्तांत अपुरा राहतो. आणि संमति, मोह व जुलूम यांमधील रेषा आज आम्हांस ठामपणें ओढतां येत नाहीं.

साक्षीदारांत एक नांव पुराणवस्तुसंशोधकांस आदराचें आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे अजिंठ्याच्या कोरीव लेखांचे वाचक, कालिदासाच्या काळाचे चिकित्सक, नाण्यांचे व हस्तलिखितांचे संग्राहक. त्यांनीं वैद्य या नात्यानें यदुनाथजींच्या रोगाविषयीं प्रतिवादीतर्फें साक्ष दिली, व ती निर्णायक साक्षींपैकीं एक ठरली. रोग्याचें गुपित वैद्यानें कोर्टांत उघड करावें काय, हा प्रश्न सोपा नाहीं. परंतु ज्या रोगाचा संसर्ग दुसऱ्याच्या घरांत शिरतो, व ज्याविषयीं रोगी स्वतः शपथेवर नाकारतो, त्याविषयीं न्यायालयानें विचारल्यावर खरें सांगणें यास आम्ही विश्वासघात म्हणत नाहीं. ताम्रपट खोटा असेल तर खोटा म्हणावयाची ज्यास संवय, त्यानें साक्षीच्या पिंजऱ्यांतहि तीच संवय पाळली.

(७)

या खटल्यानें काय साधलें व काय राहिलें, हें पुढील कायद्यांवरून मोजतां येतें. जातिबहिष्काराचें हत्यार १८६१ सालीं कट म्हणून दंडनीय ठरलें खरें. परंतु तें बोथट झालें नाहीं. मुंबई विधिमंडळानें १९४९ सालीं बहिष्कृत करण्यास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनीं त्यास आव्हान दिलें, व बरोबर शंभर वर्षांनीं, १९६२ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें तो कायदा घटनाबाह्य ठरविला. फेब्रुवारी २०२३ मध्यें त्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोंपविण्यांत आला. मध्यंतरीं महाराष्ट्रानें सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा २०१६ चा कायदा केला, तो २०१७ पासून अमलांत आला.

बुवाबाजीविषयीं स्वतंत्र कायदा होण्यास तर त्याहून अधिक किंमत पडली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं अनेक वर्षें त्याचा पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. त्यानंतर वटहुकूम निघाला व डिसेंबरांत कायदा झाला. त्याच्या अनुसूचींत बारा बाबी असून, आपण अवतार आहों किंवा भक्त स्त्री पूर्वजन्मीं आपली पत्नी अगर प्रेयसी होती असें भासवून तिच्याशीं संबंध ठेवणें, ही त्यांपैकीं एक आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हें कलम वाचतांना १८६० चा ‘सत्यप्रकाशां’तील लेख आठवल्यावांचून राहत नाहीं. परंतु कायदा कृत्यास पकडतो. दार, वही व मौन यांस तो सहज पकडूं शकत नाहीं. तेथें शेजारी, सोयरे व साक्षीदारच लागतात.

(८)

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. भुलेश्वर, काळबादेवी, मांडवी या भागांतील गुजराती, कच्छी व मारवाडी घराणीं गेल्या कांहीं दशकांत मुंबईबाहेर पसरलीं आहेत. साष्टीच्या उत्तर टोकास घोडबंदर व उत्तन यांच्या दरम्यान वसलेल्या मिरा-भाईंदरांत त्यांची मोठी वस्ति आहे. जेथें पूर्वीं मिठागरें व कोळी-आगरी गांवें होतीं तेथें २००२ सालीं महानगरपालिका झाली. घर बदलतांना भांडीं बरोबर येतात, वह्या रद्दींत जातात. या वह्यांची आज आम्हांस किती गरज आहे हें वरील परीक्षणावरून ध्यानांत येईल. रोजमेळांतील ‘लागो’चें खातें, महाराजांच्या पधरावणीचा खर्च, जातीच्या सभेचें आमंत्रण, सह्यांची यादी, ‘स्वधर्मवर्धका’चा एखादा सुटा अंक, एखाद्या आजीनें नातीस लिहिलेलें पत्र : यांतील कोणताहि कागद क्षुल्लक समजूं नये. १८५० ते १८७० या वीस वर्षांतील वहींत ‘लागो’ची एक नोंद मिळाली तरी दरपत्रकाविषयींचा तर्क एक पाऊल पुढें सरकेल; अशा दहा वह्या मिळाल्या तर वाद संपेल. कागद संप्रदायाच्या बाजूचा निघाला तरी तितक्याच निष्ठेनें जपावा.

नव्या वस्तीचा आणखी एक विचार मनांत येतो. जुन्या जातीचीं बंधनें अशा शहरांत पुष्कळ सैल झालीं आहेत, व तें इष्टच होय. परंतु जातीनें जसा जुलूम केला तसा आजारांत व मयतींत आधारहि दिला होता. तो आधार तुटलेल्या माणसास जो कोणी दारीं येऊन ‘तुझें दुःख मला ठाऊक आहे’ असें म्हणेल तो आपला वाटूं लागतो. त्यांत खरा साधु कोणता व दुकानदार कोणता हें ओळखण्याची कसोटी १८६२ च्या कागदांतून निघते, व ती शिकवणुकीच्या गोडीवर अवलंबून नाहीं. दाराची कडी कोणाच्या हातीं आहे? वहींत काय लिहिलें जातें, व ती कोणास पाहतां येते? आणि विरुद्ध साक्ष देणाऱ्याचें पुढें काय होतें? ज्या मठाबद्दल या तीन प्रश्नांचीं उत्तरें उघड मिळतात त्याविषयीं धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. जेथें प्रश्न विचारणेंच पाप ठरतें, तेथें १८६१ चा भाटियांचा ठराव निराळ्या शब्दांत पुन्हां लिहिला जात आहे, असें समजावें.